पावसाळ्यात कॅरव्हॅन कुठे लावावी : मिशन बीचचा किनारा की ॲथरटनचे पठार

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर, केर्न्स आणि टाउन्सव्हिल या शहरांच्या दरम्यान मिशन बीच हे छोटे गाव आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला पावसाळा. दक्षिणेकडची थंडी टाळण्यासाठी आलेली निवृत्त मंडळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, जोडून परत फिरतात, समुद्रालगतचे कॅरव्हॅन पार्क बरेचसे रिकामे होतात आणि लांबच्या मुक्कामाचे दर उतरतात. शेतीचे काम मात्र थांबत नाही, कारण ऑस्ट्रेलियातील ९० टक्क्यांहून अधिक केळी याच पट्ट्यात, मुख्यतः टली आणि इनिसफेल या गावांभोवती पिकतात आणि केळीचे घड बाराही महिने उतरवावे लागतात. २०२४ पासून १८ ते ३० वयोगटातील भारतीयांना सोडतीद्वारे वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळू लागला आहे आणि उत्तर भागात तीन महिने ठरावीक स्वरूपाचे काम केले की दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे हे सहा महिने कॅरव्हॅनमध्ये समुद्राकाठी काढावेत की डोंगरावर, म्हणजे ॲथरटन पठारावरील मारीबा किंवा ॲथरटनसारख्या गावी काढावेत, हा प्रश्न मराठी तरुणांपुढेही येणार आहे. सिडनी-मेलबर्नहून दीर्घ रजा काढून कॅरव्हॅन घेऊन निघालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकणारा नाही.

पहिला फरक पावसाचा. टलीचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ४००० मिलिमीटर आहे, म्हणजे मुंबईच्या दीडपटीहून अधिक. गावाच्या मधोमध ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केला आहे, आणि ती उंची म्हणजे १९५० साली तिथे पडलेला पाऊस. मिशन बीच टलीपासून जेमतेम अर्ध्या तासावर असल्याने तिथे वेगळे काही घडत नाही. समुद्रावरून येणारे दमट वारे किनाऱ्याला लागून उभ्या असलेल्या डोंगररांगेवर अडतात, तिथेच रिते होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे पडतात. महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना जो फरक जाणवतो, त्याच जातीचा हा फरक आहे. मारीबाला वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, ॲथरटनला सुमारे १४००, पण पठाराच्या पूर्व कडेवरील मिला मिला येथे तो पुन्हा २६०० च्या घरात जातो. म्हणून ‘पठारावर गेलो’ एवढे म्हणून भागत नाही. मिला मिला किंवा मलांडाच्या धुक्यात आणि भुरभुरीत लावलेली कॅरव्हॅन किनाऱ्यापेक्षा गार राहील, पण कोरडी राहीलच असे नाही.

पाऊस छपरावर पडून निघून जातो. खरी कसोटी ओल घेते, आणि निर्णय घेणाऱ्याने सर्वाधिक विचार तिचाच करावा असे माझे मत आहे. कॅरव्हॅनच्या भिंती तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या आणि आतली हवा एका लहान खोलीइतकी असते. त्या हवेत दोन माणसांचा श्वास, कुकरची वाफ, ओले कपडे आणि पंधरा दिवस न उघडलेले आभाळ एकत्र आले की ती कुठेतरी पाणी सोडणारच. सर्वांत आधी ते गादीखाली सुटते. सकाळी गादी उचलून पाहिली तर खालच्या प्लायवूडवर शरीराच्या आकाराचा ओलसर डाग दिसतो. आठ-दहा दिवस तिकडे लक्ष दिले नाही तर त्याच डागावर काळे ठिपके उगवतात, आणि मग बुरशीचा कुबट वास अंथरुणातून कपाटात आणि कपाटातून कपड्यांत जातो. गादीखाली हवा खेळेल अशी जाड जाळी किंवा फळ्यांची चौकट घालणे आणि रोज सकाळी गादी उभी करणे, हे किनाऱ्यावर दात घासण्याइतके नेमाने करावे लागते. मारीबाला हेच काम आठवड्यातून एकदा केले तरी चालते.

एसी लावला की प्रश्न सुटला असे वाटते, पण तो फार खाली ठेवला तर दुसरा प्रश्न उभा राहतो. आत २० अंश आणि बाहेर २९ अंशांची दमट हवा असली की खिडक्यांना आणि भिंतीच्या पत्र्याला बाहेरच्या अंगाने पाणी सुटते. हे पाणी सांध्यांतून आत झिरपले की लाकडी सांगाड्याच्या जुन्या कॅरव्हॅनचे कोपरे भुसभुशीत होऊ लागतात. एसी २५-२६ अंशांवर ठेवावा आणि जोडीला हवेतील पाणी ओढणारे, कॉम्प्रेसरवर चालणारे यंत्र घ्यावे. दुकानात मिळणाऱ्या पाणी शोषणाऱ्या खड्यांच्या डब्या एखाद्या बंद कपाटापुरत्या ठीक आहेत, अख्ख्या कॅरव्हॅनला त्या पुऱ्या पडत नाहीत. या सगळ्याला पार्कची वीज लागते, कारण ढगाळ आठवड्यांत छपरावरचे सोलर पॅनेल बॅटरी भरू शकत नाही. पठारावर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १८-१९ अंशांपर्यंत उतरते आणि एसी न लावता खिडक्या उघड्या ठेवून झोपता येते. किनाऱ्यावर ते साधारण २२-२३ च्या आसपासच राहते आणि हवाही दमट असते, त्यामुळे विजेच्या बिलातला फरक लवकर दिसतो आणि झोपेतला त्याहूनही लवकर.

स्वयंपाकाबाबत थोडक्यात एवढेच की कुकर, कढई आणि तवा यांची वाफ आत कोंडू देऊ नये. दारासमोरच्या कापडी मंडपाखाली, म्हणजे ऑनिंगखाली शेगडी मांडावी. पोहे, रवा, कणीक आणि डाळी घट्ट झाकणाच्या डब्यांत थोड्या थोड्याच भराव्यात, कारण कोकणातल्या आगोटीसारखी चार महिन्यांची बेगमी कॅरव्हॅनच्या ओलीत टिकत नाही. मात्र चार-पाच दिवसांचे सामान आणि पिण्याचे पाणी हाताशी हवेच. ऑनिंगची एक बाजू नेहमी खाली झुकवून ठेवावी. १० चौरस मीटरच्या कापडावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि साचून राहिला तर त्याचे वजन १००० किलो होते, आणि एका रात्रीत १०० मिलिमीटर ही टलीच्या पट्ट्यात नवलाईची गोष्ट नाही.

आता चक्रीवादळाविषयी. ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हा चक्रीवादळाचा अधिकृत हंगाम मानतात. मार्च २००६ मध्ये लॅरी हे वादळ इनिसफेलजवळ धडकले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यरात्रीनंतर पाचव्या श्रेणीचे यासी हे वादळ मिशन बीचजवळूनच जमिनीवर आले आणि जवळच्या कार्डवेल गावी समुद्राची पातळी सुमारे ५ मीटरने फुगली. पाचवी श्रेणी म्हणजे ताशी २८० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत. तिसऱ्या श्रेणीतले १६५ ते २२४ किलोमीटरचे झोतसुद्धा कॅरव्हॅनला सहन होत नाहीत, मग ती साखळ्यांनी कितीही घट्ट बांधलेली असो. वादळात कॅरव्हॅनमध्ये थांबायचे नाही, याबाबत कोणतीच तडजोड नसावी. यासीनंतर अबू धाबी सरकारच्या देणगीची भर घालून क्वीन्सलंडमध्ये मजबूत सार्वजनिक निवारे बांधले गेले, आणि टली व इनिसफेल येथे सार्वजनिक निवारे आहेत. पण ते शेवटच्या क्षणी जीव वाचवण्यासाठी आहेत, मुक्कामाची सोय म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

कॅरव्हॅनचा घरापेक्षा एकमेव मोठा फायदा हा की ती हलवता येते. हवामान खाते ४८ तासांच्या आत वादळी वारे अपेक्षित असले की ‘वॉच’ आणि २४ तासांच्या आत अपेक्षित असले की ‘वॉर्निंग’ देते. वारा सुटल्यावर मागे कॅरव्हॅन जोडून गाडी चालवणे धोक्याचे असल्याने ‘वॉच’ लागताच निघावे लागते. त्यासाठी ओढणारी गाडी दारात हवी, टायरमध्ये हवा हवी, बेअरिंग आणि ब्रेक खाऱ्या हवेने धरलेले नसावेत आणि ॲनेक्स, म्हणजे कॅरव्हॅनच्या बाजूला जोडलेला बंदिस्त कापडी मंडप, तासाभरात उतरवता यायला हवा. पार्कमध्ये वर्षानुवर्षे एका जागी बसवलेली, भोवती लाकडी ओटा बांधलेली जुनी कॅरव्हॅन भाड्याने स्वस्तात मिळते आणि शेतावर काम करणाऱ्या तरुणांना ती सोयीची वाटते, पण तिच्यात कॅरव्हॅनचे सगळे दुबळेपण असून हलण्याची मुभा नसते. पावसाळ्यात किनाऱ्यावर असे भाडे मी कुणालाही सुचवणार नाही. तेवढ्या पैशांत कामगारांच्या वसतिगृहातली पक्की खोली पाहावी, कॅरव्हॅनचा हट्ट सोडावा.

हलायचे तरी कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि तो रस्त्यांवर अवलंबून आहे. मिशन बीचहून दक्षिणेला जाताना टली आणि इंगमच्या सखल भागात ब्रूस महामार्ग पुराने दरवर्षीसारखा तुटतो. फेब्रुवारी २०२५ च्या पुरात तर इंगमच्या दक्षिणेला ओलेरा खाडीवरचा पूलच गेला. पश्चिमेला पठारावर चढणारे घाटरस्ते दरडींमुळे बंद पडतात. म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस दोन्हीकडून अडकू शकतो, तर मारीबाचा माणूस आधीच डोंगरापलीकडे असतो. तरीही पठार पूर्ण सुरक्षित आहे असे समजू नये. लॅरीने पठारावरही मोठे नुकसान केले होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे जॅस्पर किनाऱ्याला लागल्यानंतर वारा ओसरला तरी पाऊस रेंगाळला, काही ठिकाणी तो काही दिवसांत २००० मिलिमीटरच्या पुढे गेला आणि घाटरस्ते बंद राहिले. पठारावर वाऱ्याचा आणि भरतीच्या लाटेचा धोका कमी होतो, गावात अडकून पडण्याचा कमी होत नाही.

समुद्रासाठी किनारा निवडणाऱ्याने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. नोव्हेंबर ते मे या काळात या पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी या विषारी जेलीफिश असतात, त्यामुळे जाळी लावलेल्या घेऱ्याबाहेर पोहणे जिवावर बेतू शकते. किनाऱ्यावर ठिकठिकाणी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात त्या यासाठीच. खाड्यांच्या मुखांशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. पोहण्याची हौस असेल तर पठारावरील ईचम हे ज्वालामुखीच्या विवरातले गोड्या पाण्याचे तळे अधिक कामाचे. याउलट पावसाळी जंगल कॅरव्हॅनच्या दारापर्यंत आलेले पाहायचे असेल, सकाळी पार्कच्या रस्त्यावरून निवांत जाणारा कॅसोवरी हा न उडणारा मोठा पक्षी पाहायचा असेल आणि पाऊस उघडल्यावर समोर डंक बेट धुऊन निघालेले पाहायचे असेल, तर मिशन बीचला तोड नाही. हे आकर्षण खरे आहे आणि हिशेबात त्याला जागा असावी.

घरातले कुणी मधुमेही असेल तर मात्र हिशेब बदलतो. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मातीत मेलिऑइडोसिस या आजाराचे जिवाणू असतात. जोराच्या पावसात ते चिखलातून आणि पाण्यातून वर येतात, पायाच्या लहानशा जखमेतून किंवा श्वासावाटे शरीरात शिरतात आणि मधुमेह असलेल्यांना त्यांचा धोका सर्वाधिक असतो. २०२५ च्या पावसाळ्यात उत्तर क्वीन्सलंडमध्ये या आजाराने अनेक बळी घेतले. कॅरव्हॅनच्या मुक्कामात शौचालयापासून कपडे धुण्याच्या खोलीपर्यंत दिवसातून दहा वेळा ओल्या गवतातून जावे लागते, आणि आपल्याकडची वडीलधारी मंडळी तिथेही चपला घालूनच फिरणार. भारतातून आलेल्या मधुमेही आईवडिलांना जानेवारी ते मार्च या काळात किनाऱ्यावरील पार्कमध्ये ठेवू नये. त्यांच्यासाठी स्वतंत्र बाथरूम असलेले पक्के केबिन घ्यावे आणि तेही पठारावर. बूट आणि बागकामाचे हातमोजे दोन्हीकडे लागतातच.

माझा कौल असा आहे. काम टली किंवा इनिसफेलच्या केळीबागांत मिळाले असेल, स्वतःची ओढणारी गाडी असेल आणि ‘वॉच’ लागताच कुठे जायचे ते ठरलेले असेल, तर दोघांनी किनाऱ्यावर राहायला हरकत नाही. जागा निवडताना पार्कचा सखल कोपरा, ओढ्याची बाजू आणि नारळाच्या झाडाखालची सावली टाळावी, आणि कॅरव्हॅनच्या विम्यात पूर व समुद्राची फुगवटी या दोन्हींची भरपाई आहे का हे कागदावर वाचून घ्यावे. कामाची जागा अजून ठरायची असेल तर डिसेंबरमध्ये मारीबाला आंब्याचा हंगाम आणि पुढे ॲव्होकाडो, असा क्रम लावता येतो, आणि तो कॅरव्हॅनला अधिक मानवतो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, किंवा गाडी एकच आणि ती रोज कामावर नेली जात असेल, तर मी मारीबा-ॲथरटनच सुचवेन.

किनाऱ्याचा मोह आवरत नसेल त्यांनी पठारावर राहतानाच फेब्रुवारी-मार्चमध्ये मिशन बीचची मेपासूनची जागा राखून ठेवावी, कारण जूनमध्ये दक्षिणेची मंडळी परतू लागली की समुद्रालगतच्या जागा आणि उतरलेले दर दोन्ही मिळेनासे होतात.