सहा काठ्या, एक ग्लव्ह आणि प्रशियन ब्लू

३४ वर्षं कारखान्याची साचे-अवजारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये काढली. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर. हातात कुठलीही वस्तू आली की आधी वजन बघायचं, मग माप, मग किंमत, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. त्यामुळे नवशिक्यानं गोल्फचं काय सामान घ्यावं हे सांगताना मी खेळाडू म्हणून बोलत नाहीये. खेळाडू म्हणून माझी लायकी काय, ते आमच्या रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, बॉल गोळा करणाऱ्या पोरांना विचारा.

गोल्फचं खूळ शिरलं टीव्हीमुळे. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्यानं सगळं घर डोक्यावर घेतलं, पण मी सकाळपासूनच टोकियो ऑलिंपिकमधला गोल्फर अदिती अशोकचा शेवटचा राउंड बघत बसलो होतो. एका फटक्यानं पदक हुकलं, चौथी आली. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकमध्ये खेळला होता. तेव्हा नोकरी चालू होती. निवृत्त झाल्यावर सोसायटीतले कर्नलसाहेब एकदा रेंजवर घेऊन गेले, आणि पहिल्या पन्नास बॉलपैकी एक, फक्त एक, असा काही सुटला की मी गेलो कामातून.

पुढच्याच आठवड्यात चूक केली. एका दुकानात जुना पण चकाचक सेट मिळाला. बारा क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, भली मोठी बॅग, अठ्ठावीस हजार. दुकानदार म्हणाला, "सर, हा घेतलात की दहा वर्षं बघायला नको." मी विचार केला, बारा गोष्टी एकदम स्वस्तात मिळताहेत. नवशिका इथेच फसतो. नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. अमेरिकेत १९३८ मध्ये हा नियम आला, कारण काही मंडळी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरायला लागली होती आणि बॅग वाहणारे कॅडी वाकले होते. म्हणजे १४ हा आकडा लगाम म्हणून आला. आपण मात्र तो खरेदीची यादी असल्यासारखा वाचतो.

तीन महिने त्या सेटनं मारलं. बॉल डावीकडे. किती काही केलं तरी डावीकडेच. वर उजव्या कोपरात कळ. कोच म्हणायचे क्रिकेटची मनगटं सोडा, कर्नल म्हणायचे डोकं खाली ठेवा, बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा पर्वतीवर चढत जा." मी सगळ्यांचं ऐकलं आणि बॉल डावीकडे जातच राहिला.

मग एक दिवस टूलरूमची आठवण झाली. दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे बघायचं असेल तर आम्ही प्रशियन ब्लू हा निळा लेप लावतो. ट्यूब घरात होतीच. सात नंबरच्या आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या, बुडाला पातळ ब्लू फासला, रेंजवर प्लायचा एक तुकडा ठेवला, त्यावरून दहा बॉल मारले. शेजारचे लोक बघायला लागले, बघू देत. बूड उलटं करून पाहिलं तर ब्लू फक्त टाचेकडचा, म्हणजे दांड्याकडच्या बाजूचा पुसला गेला होता. पुढचं टोक जमिनीला शिवतच नव्हतं. क्लब टाचेवर उभा राहून बॉलला लागत होता आणि अशा वेळी उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडेच जाणार. टेप काढून लांबी मोजली. साधारण सात नंबर ३७ इंचाच्या आसपास असतो. हा ३८ होता. आधीचा मालक सहा फुटी असणार, मी पाच फूट पाच इंच. दांड्यावर 'एस' लिहिलेलं होतं, म्हणजे स्टिफ, ताठ, जोरात फिरवणाऱ्यांसाठी. त्यात पोलादी. पोलादी दांडा सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो, ग्राफाइटचा त्याच्या निम्मा असू शकतो. साठीच्या कोपराला तो फरक लगेच समजतो, मेंदूला कळायला तीन महिने गेले.

म्हणून पहिली खरेदी मापाची. साध्या बुटात सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत कुणाला तरी टेप धरायला लावा. तो आकडा आणि तुमची उंची दुकानात सांगा. दुकानदार उंची न विचारताच सेट काढायला लागला तर चहा पिऊन बाहेर पडा. दांडा साठीच्या माणसानं ग्राफाइटचा घ्यावा, फ्लेक्स, म्हणजे दांड्याची लवचिकता, 'आर' (रेग्युलर) किंवा सीनियर. तिशीतल्या धडधाकट माणसाला 'आर' पोलादी चालेल. अंगात फार रग असेल तरच 'एस'.

आता माझ्याकडे सहा क्लब आहेत, एका ओळखीच्या निवृत्त गृहस्थांकडून घेतलेले, सगळे मिळून चौदा हजार. लांबच्या फटक्यांसाठी पाच नंबरचा हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, जवळून बॉल उचलायला पिचिंग वेज, वाळूतून काढायला सँड वेज आणि बॉल होलमध्ये ढकलायला पटर. सगळ्यांत लांब पल्ल्याचा क्लब, ड्रायव्हर, नाही. दर वेळी कुणीतरी विचारतं, "ड्रायव्हर कुठाय?" जणू लग्नात नवरदेवच आला नाही.

ड्रायव्हरबद्दल माझं मत ऐका. त्याचा दांडा सगळ्यांत लांब, ४५ इंचांच्या आसपास. पटर सोडला तर तोंडाचा कल सगळ्यांत कमी, दहा-बारा अंश. कल कमी असला की बॉलला मागे फिरणारी गिरकी कमी बसते आणि बाजूची वाकडी चाल जास्त दिसते. सात नंबरवर केलेली चूक दहा यार्ड बाजूला जाते, तीच चूक ड्रायव्हरवर शेजारच्या होलच्या पट्ट्यात, फेअरवेत, जाऊन तिथल्या माणसाच्या शिव्या खाऊन येते. कर्नलांचा ड्रायव्हर मी दोनदा उसना घेतला. दोन्ही बॉल कंपाउंडच्या भिंतीपलीकडे. शिकत असताना सात नंबरनं १२० यार्ड सरळ मारलेला बॉल मला जास्त गोड लागतो.

सात नंबरवर मात्र पैसे वाचवू नका. पहिले चार-सहा महिने नव्वद टक्के फटके त्याच एका क्लबनं मारायचे असतात. सुटाही मिळतो; डेकॅथलॉनचा इनेसिस ब्रँड नवशिक्यांसाठी साधा, प्रामाणिक माल ठेवतो, तिथे हातात घेऊन बघता येतं. मागून बघा. पाठ पोकळ, कडा जाड, असा हवा. त्याला कॅव्हिटी बॅक म्हणतात. पाठ सपाट, पातळ आणि देखणी असेल तर तो ब्लेड, तो पट्टीच्या खेळाडूंसाठी. टूलरूमवाल्याला हे फ्लायव्हीलवरून लगेच कळतं: वजन मध्यातून काढून कडेला नेलं की वस्तू सहज पिळली जात नाही. बॉल तोंडाच्या मधोमध न लागता टोकाकडे लागला तरी क्लब कमी वळतो, बॉल जरा आखूड पडतो पण बऱ्यापैकी सरळ जातो. ही युक्ती लोकांपर्यंत नेणारा कार्स्टन सोलहाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला मेकॅनिकल इंजिनिअर. १९५९ मध्ये त्यानं घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला, बॉलला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. असले लोक मला खेळाडूंपेक्षा जवळचे वाटतात, काय करणार.

बॉलचा विषय निघाला की माझं व्हर्निअर खिशातून बाहेर येतं. नियमानं बॉलचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. मी वेगवेगळ्या किमतीचे सात बॉल मोजले, सगळे ४२.७ च्या आसपास, वजनं ४५ ते ४५.९. माप सगळ्यांचं चोख. फरक असतो पोटात आणि कातडीत. स्वस्त बॉल दोन थरांचा, आत रबराचा गोळा आणि वर कडक आवरण. महाग बॉल तीन-चार थरांचा, वर मऊ युरेथेन, त्यानं होलभोवतीच्या आखूड गवतावर, ग्रीनवर, बॉल पकडून थांबतो. टायटलिस्टचा प्रो व्ही वन हा त्यातला गाजलेला, २००० मध्ये आला. तो हरवला की चार जणांची मिसळ पाण्यात गेली समजायची. नवशिक्याला बॉल थांबवायचा नसतोच, सापडवायचा असतो. तेव्हा दोन थरांचा घ्या, किंवा तळ्यातून काढलेले धुतलेले बॉल कॅडींकडे मिळतात ते घ्या. आवरणाला चीर नाही ना, एवढं नखानं बघा. रंग पिवळा किंवा नारिंगी. पांढरा बॉल पावसाळ्यातल्या गवतात गेला की गेला.

कर्नलांच्या जुन्या पेटीतला एक बॉल मात्र ४१.१ भरला. मला वाटलं झिजला असेल. पण बॉल असा सगळीकडून सारखा झिजत नाही. मग उलगडा झाला: पूर्वी ब्रिटिश मापाचा बॉल १.६२ इंचाचा असायचा, तो १९९० मध्ये कायमचा बाद झाला. तो बॉल आता माझ्या शोकेसमध्ये आहे. कर्नलांनी मागितला नाही, मीही विषय काढत नाही.

ग्लव्ह एकच लागतो, उजव्या हाताच्या खेळाडूला डाव्या हातात. मेंढीच्या कातड्याचा अगदी लोण्यासारखा असतो, आणि पुण्याच्या जुलैत त्याची अवस्था बघवत नाही. माझा पहिला ग्लव्ह ओला तसाच गाडीच्या डिकीत राहिला. आठ दिवसांनी काढला तर वाळलेल्या पुरणपोळीसारखा कडक, वर हिरवी बुरशी. चूक पूर्ण माझी. पावसाळ्यात सिंथेटिक वापरा, कातड्याचा हिवाळ्यासाठी ठेवा, आणि खेळून झालं की सपाट पसरून सावलीत वाळवा. माप घेताना नवीन ग्लव्ह जरा तंग हवा, मनगटावरची पट्टी पूर्ण मिटत नसेल तर बरोबर. कातडं पुढे सैल पडतंच. बोटांच्या टोकाला मोकळी जागा उरता कामा नये. आणि तळव्याच्या टाचेला भोक पडलं तर ग्लव्हला दोष देऊ नका, मूठ फटक्यात सरकतेय.

जुना क्लब घेतलात तर ग्रिपचं, म्हणजे मुठीचं, रबर बघा. चकाकत असेल तर मेलंय. दर आठ-पंधरा दिवसांनी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, एवढ्यानं बराच जीव येतो. नाहीच आला तर बदलायची. मी सहाही घरीच बदलल्या. जुनी ग्रिप कटरनं उभी चिरली, दांडा रबरी तुकड्यात धरून व्हाइसला हलकेच आवळला, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळली, त्यावर आणि नव्या ग्रिपच्या आत टर्पेंटाइन ओतलं आणि एका दमात सरकवली. मध्ये थांबलात तर तिथेच बसते, कायमची. एक तशी बसली, ती नऊ नंबरवर आहे आणि रोज मला टोमणे मारते. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद.

बुटांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रेंजवर सपाट तळाचे जुने बॅडमिंटनचे बूट पुरतात. धावायचे उशीसारखे बूट नकोत, उभं राहिल्यावर माणूस डुलतो. कोर्सवर, विशेषतः ओल्यात, मऊ स्पाइकचे घ्या. लोखंडी खिळे आता बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. बॅग हलकी, पायवाली. माझी ती मोठी बॅग कॅडीनं पहिल्यांदा उचलली तेव्हा म्हणाला, "साहेब, मुक्कामाला आलात का?"

पटर लोक शेवटी घेतात, घाईत. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवायच्या कोर्सवर प्रत्येक होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे निम्मे फटके, ३६, या एका काठीचे. ती घरातही खेळता येते. आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरतो, टोकाला फुलपात्र आडवं. खरं होल १०८ मिलिमीटरचं असतं, आमच्या फुलपात्राचं तोंड ७२. संध्याकाळी सातनंतर बंदी आहे, मालिकेत टणटण ऐकू येते म्हणून.

तो अठ्ठावीस हजारांचा सेट पंधराला गेला. घेणारा मुलगा सहा फूट एक इंच, आयटीतला. त्याला सात नंबर हातात दिला, बुडाला ब्लू लावला आणि प्लायवरून मारायला सांगितलं. ब्लू बरोब्बर मधोमध पुसला. त्याला काही कळलं नाही, मला मात्र तेरा हजारांचं दुःख जरा कमी झालं. ब्लूचा डाग त्याच्या पांढऱ्या पँटला लागला होता, ते त्याला घरी गेल्यावर दिसलं असेल.