एकच वेल लावायचा तर: कॅरोलिना क्रॉस, ब्रॅडफर्ड की चार्ल्स्टन ग्रे?

मागच्या अंगणात कलिंगडाचा एक, फार तर दोन वेल मावतील. जुन्या जातींपैकी कोणतं बी घेऊ? अमेरिकेत राहणारी आपली मंडळी थंडी सरायच्या सुमारास हे विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात कॅरोलिना क्रॉस आधीच भरलेलं असतं. फोटोत फळाच्या शेजारी मूल बसवलेलं असतं ना, तेच हे फळ. ते लावू नका असं मी म्हणत नाही. फक्त त्याआधी ते कोणी, कशासाठी वाढवलं ते बघा.

आर्कान्सामधलं होप हे छोटं गाव. जगाच्या लेखी बिल क्लिंटन यांचं जन्मगाव, गावाच्या लेखी कलिंगडाचं. 1920 च्या दशकापासून इथे वजनाचीच चुरस. 1935 मध्ये ओ. डी. मिडलब्रुक्स यांचं फळ 195 पौंड भरलं, म्हणजे 88 किलो. ब्राइट कुटुंबाने 1985 मध्ये 260 पौंड गाठले आणि 2005 मध्ये लॉइड ब्राइट यांचं कॅरोलिना क्रॉस 268.8 पौंडांवर गेलं. मग टेनेसीच्या क्रिस केंट यांनी 2013 मध्ये याच जातीचं 350.5 पौंडांचं, 159 किलोंचं फळ काढून विक्रमच मोडला. ही मंडळी बियांनाही फळाचं वजन आणि शेतकऱ्याचं आडनाव लावतात: ‘350.5 केंट’. शंकरपटातल्या बैलाचं घराणं सांगावं तसं.

म्हणजे या जातीची पारख होत आली ती वजनकाट्यावर, जिभेवर नव्हे. शिवाय विक्रमी फळ म्हणजे एका वेलावर एकच फळ. बाकीची बोटाएवढी असतानाच खुडायची. वेलाला दहा-बारा फूट लांब-रुंद जागा, तीन-साडेतीन महिने ऊन, आणि पाणी हात राखून, कारण भर वाढीत एकदम पाणी झालं की फळ तडकतं आणि तडकलेलं फळ स्पर्धेतून बाद. मी एकदा लावलं होतं. माझं चाळीसेक किलोंवरच थांबलं, चवीला बरं होतं, ‘वा!’ म्हणावं असं नव्हतं. फ्रिजमध्ये अर्थातच मावेना. चार घरी वाटलं, मग परातीत चिरून पुन्हा वाटलं. मुलं मात्र अजून त्या दिवसाची आठवण काढतात, हेही खरं.

ब्रॅडफर्डची गोष्ट अगदी उलट्या टोकाची. दक्षिण कॅरोलिनातल्या सम्टरजवळ 1840 च्या दशकात नॅथॅनियल नेपोलियन ब्रॅडफर्ड यांनी लॉसन आणि माउंटन स्वीट या दोन जातींचा संकर केला आणि त्यातून गोडीसाठी निवड करत नेली. लांबट गडद हिरवं फळ, पांढऱ्या बिया, लाल रवाळ गर. साल इतकी मऊ की बोटाने दाबली तरी दबते. चमच्याने खात खात हिरव्या पापुद्र्यापर्यंत जाता येतं. त्या भागात या सालीचं लोणचं घालतात आणि रस आटवून काकवीसारखा पाक करतात. आपल्याकडे सालीच्या पांढऱ्या भागाची भाजी किंवा धिरडी करणाऱ्या घरांना हे फळ समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच मऊपणाने ते बाजारातून गेलं. रेल्वेच्या डब्यात थरावर थर रचले की खालची फळं फुटत. 1922 नंतर ते व्यापारासाठी जवळजवळ कुणी लावलंच नाही. लोक समजत होते की जात संपली. पण ब्रॅडफर्डांच्या घरच्या शेतात ती पिढ्यान्‌पिढ्या चालूच होती, आणि अलीकडे त्यांचेच वंशज नॅट ब्रॅडफर्ड यांनी ती पुन्हा लोकांपुढे आणली. वाहतुकीत नापास झालेलं फळ अंगणात का नापास व्हावं? तुमच्या वेलापासून ताटापर्यंत वीस पावलं आहेत.

चार्ल्स्टन ग्रेचं काम वेगळंच. 1954 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या चार्ल्स्टनमधल्या भाजीपाला संशोधन केंद्रातून सी. एफ. अँड्रस यांनी ते आणलं. तेव्हा दक्षिणेत मर रोगाने शेतंच्या शेतं बसत होती. उभा वेल सुकवणारी ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून जागा बदलत राहण्यावाचून गत नव्हती. अँड्रस यांनी मर आणि करपा (पानांवर, फळांवर डाग पाडणारा रोग) यांना तोंड देणारी, जाड सालीची, उन्हात न भाजणारी फिक्या राखाडी-हिरव्या रंगाची जात दिली. ट्रकमध्ये रचता येते. पुढे कॅन्ससमधल्या चार्ल्स हॉल यांच्या क्रिमसन स्वीटमध्येही तिचंच रक्त आहे. भारतातल्या बियाण्यांच्या याद्यांतही चार्ल्स्टन ग्रे हे नाव जुनं आहे. चव चांगली, पण मला ती ‘कामाची’ वाटते.

तेव्हा ज्यांच्या वाफ्यात कलिंगडाचे वेल दुपारी माना टाकून मेले असतील, त्यांनी बाकी काही न बघता चार्ल्स्टन ग्रे घ्यावं. जत्रेत वजन करायचं असेल, जागा ऐसपैस असेल आणि वाटून खायला माणसं असतील तर कॅरोलिना क्रॉस. उरलेल्या सगळ्यांना ब्रॅडफर्ड. फक्त ते बेताने हाताळायचं आणि तोडल्यावर फार दिवस ठेवायचं नाही.

तिन्ही सरळ वाण आहेत, म्हणजे बी पेरलं की पुन्हा तसंच फळ येतं, म्हणून बी धरता येतं. पण शेजारच्या कुंपणापलीकडे दुसरं कलिंगड असेल तर मधमाश्या सरमिसळ करतातच. उपाय सोपा: संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी (जिच्या मागे इवलंसं फळ दिसतं ती) आणि नर कळ्यांची टोकं दोऱ्याने अलगद बांधायची, सकाळी सोडून नर फुलाचे पराग मादीवर टेकवायचे आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. फूल एकाच दिवसाचं असतं, चहा नंतर प्या. त्या फळाच्या देठाला रंगीत सुतळी बांधून ठेवा, म्हणजे पाहुणे आल्यावर नेमकं तेच कापलं जाणार नाही. कापलंच, तर बिया थुंकू नका म्हणावं. आणि हे बी खिशात घालून गावी न्यायचा विचार असेल तर तो सोडा: भारतात बाहेरचं बियाणं आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं.