सामान घ्यावे, मेस्त्री आपला आणावा : बेळगावातील एका टाइल्सच्या दुकानाचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या जुन्या घराची न्हाणी यंदा उन्हाळ्यात पूर्ण उकलून नव्याने करून घेतली. जुनी शहाबादी फरशी जागोजागी खचली होती आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येत होती, त्यामुळे मृगाच्या आत काम संपवणे आवश्यक होते. टाइल्स, नळ आणि बसवणारा मेस्त्री असे सर्व काही एकाच दुकानातून घेतले. दुकानाचे नाव मी लिहीत नाही. सामान उत्तम मिळाले. तक्रार आहे ती मोजणीची आणि बसवणीची, आणि या दोन्ही गोष्टी कोणत्याही दुकानात घडू शकतात.

आधी चांगले ते सांगतो. मांडणीच्या मजल्यावर दिव्यांचा एवढा झगमगाट असतो की तिथे प्रत्येक टाइल देखणी दिसते. म्हणून मी विक्रेत्याकडे तांब्याभर पाणी मागितले. तो हसला नाही, पाणी आणून दिले आणि जमिनीवर चार नमुने मांडून स्वतःच त्यांवर ओतले. चप्पल काढून ओला पाय फिरवल्यावर जो फरक कळतो तो कोणत्याही कॅटलॉगमधून कळत नाही. संगमरवरासारखी दिसणारी ग्लॉसी टाइल साबणाच्या पाण्यात निव्वळ घसरगुंडी होती. लाकडाच्या पोताची टाइल पाय धरत होती, पण तिच्या खोल रेघांत मळ बसला की ब्रशशिवाय निघणार नाही हे उघड दिसत होते. माझ्या आईचे वय ७४ आहे, त्यामुळे जमिनीसाठी बारीक खरखरीत मॅट फिनिशची, घसरण-रोधाच्या मोजपट्टीवर आर ११ ठरलेली ३०० बाय ३०० मिलिमीटरची टाइल घेतली. याच भेटीत त्याने दोन टाइल्स उलट्या करून पाठीवर पाण्याचा एकेक थेंब टाकून दाखवला: भिंतीच्या सिरॅमिक टाइलने तो पाहता पाहता पिऊन टाकला, काचेसारख्या घट्ट भाजलेल्या व्हिट्रिफाइड टाइलवर तो मण्यासारखा तसाच राहिला. सिरॅमिक भिंत-टाइल आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा नाही. पुढे जे घडले ते पाहता हा थेंब त्याने मला नव्हे, त्यांच्याच मेस्त्रीला दाखवायला हवा होता.

नळांच्या बाबतीतही सल्ला प्रामाणिक मिळाला. मला काळ्या मॅट फिनिशचे नळ आवडले होते. घरात राकसकोप जलाशयाचे नळाचे पाणी येते की विहिरीचे, असे त्याने विचारले आणि विहिरीचे म्हटल्यावर साधे क्रोम घ्यायला सांगितले, कारण जड पाण्याचे थेंब वाळले की मागे राहणारा पांढरा क्षार काळ्यावर दुरूनही दिसतो, आणि तो घालवण्यासाठी घरोघर वापरले जाणारे ॲसिड आधी फिनिश खाते, मग टाइल्समधले सांधे. क्रोम तुलनेने स्वस्त असूनही त्याने तेच सुचवले, याची नोंद केलीच पाहिजे.

मोजणी मात्र कच्ची निघाली. न्हाणी ५ बाय ७ फुटांची. तीन भिंतींना फिकट हस्तिदंती सिरॅमिक आणि शॉवरच्या ५ फुटी भिंतीला ६०० बाय १२०० ची व्हिट्रिफाइड टाइल ठरली. तीन भिंतींचे क्षेत्र दरवाजा वजा जाता सुमारे ११५ चौरस फूट होते. या सिरॅमिक टाइलला दुकानात ‘एक बाय दोन’ म्हणतात, पण ती प्रत्यक्षात ३०० बाय ६०० मिलिमीटर असते आणि फूट असतो ३०४.८ चा, त्यामुळे पाच टाइल्सचा बॉक्स १० चौरस फुटांचा नसून ९.६९ चा भरतो. त्यांनी दहाने भागून १२ बॉक्स दिले. काटछाट आणि फूटतूट यांसाठी १० टक्के वाढीव धरायचे असतात, तेही धरले नाहीत. योग्य हिशेबाने १४ लागत होते आणि शेवटी तेवढेच लागले. मधल्या काळात आलेल्या नव्या मालाचा शेड क्रमांक, म्हणजे रंगछटेचा क्रमांक, वेगळा होता. एक बॉक्स गोदामातून जुन्या शेडचा शोधून दिला, दुसरा मिळाला नाही, म्हणून त्या टाइल्स दार उघडले की झाकल्या जातील अशा जागी लावाव्या लागल्या. बॉक्सवर छापलेला बॅच आणि शेड क्रमांक गाडी उतरवतानाच प्रत्येक बॉक्सवर पडताळावा, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

त्याच बारा इंचांच्या भ्रमाने भिंतीवरही घात केला. मी मेस्त्रीला ‘सात फुटांपर्यंत लावा’ असे सांगितले. सात ओळी सांध्यांसह सुमारे २११० मिलिमीटर होतात आणि सात फूट म्हणजे २१३४. मग उरलेल्या जागेसाठी त्याने वरच्या बाजूला बोटभर रुंदीची पट्टी कापून लावली, जी दोन ठिकाणी वेडीवाकडी फुटली. ती काढायला लावून भिंतीचे प्लास्टर खाली ओढून घेतले. तेव्हा फूट सांगू नयेत, ओळी सांगाव्यात.

आता मुख्य तक्रार. व्हिट्रिफाइड टाइल्सना पाणी शोषण्याची शक्तीच नसल्याने सिमेंटच्या निव्वळ रबडीला धरण्यासारखे काही सापडत नाही. त्यांना टाइल ॲडहेसिव्ह लागते, तेही दातेरी थापीने संपूर्ण पाठीवर पसरून. ॲडहेसिव्हची २० किलोची पिशवी साधारण ४० ते ५० चौरस फूट पुरते, म्हणजे आमच्या ३५ फुटांच्या भिंतीला एकच पुरली असती, आणि ती त्याच दुकानात विक्रीला होती. मेस्त्रीने तिला हात लावला नाही. ‘काय हुत न्हाई सर, वीस वर्षं सिमेंटवरच लावतोय’, असे म्हणून त्याने पाठीवर पाच ठिकाणी गोळे थापून टाइल्स चिकटवल्या. चार दिवसांनी मी पाच रुपयांचे नाणे घेऊन एकेक टाइल वाजवत गेलो. भरीव जागी टक् असा कोरडा आवाज येतो आणि पोकळ जागी रिकाम्या डब्यासारखा. या भिंतीच्या पाच टाइल्सपैकी तिघींच्या कडा डब्यासारख्या वाजल्या. शॉवरच्या भिंतीत अशी पोकळी राहिली की सांध्यातून झिरपलेले पाणी तिथे साठते, आणि तीच ओल घालवण्यासाठी तर आम्ही एवढा खटाटोप केला होता. तिन्ही काढल्या, त्यात एक फुटली, जिच्या जागी उरलेली सहावी लागली.

जमिनीचा ढाळ पहिल्या प्रयत्नात चुकला. ८० ला १ असा उतार धरला तर सात फुटांत साधारण एक इंच पडायला हवा. मेस्त्रीने पाणसळ लावली होती, पण दोरी दारापासून सरळ धरली. पाणी वाहून जाण्याची जागा, म्हणजे नहाणी ट्रॅप, होती कोपऱ्यात. बादलीभर पाणी ओतल्यावर निम्मे ट्रॅपकडे गेले आणि निम्मे नळाखाली तळे करून राहिले. खालचा सिमेंटचा माल ओला होता म्हणून दोन ओळी उचलून पुन्हा बसवता आल्या. दुसऱ्या दिवशी हे लक्षात आले असते तर फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. जमिनीसाठी दोन बाय दोनच्या मोठ्या टाइल्सचा आग्रह दुकानाने धरला होता तो मी मोडून काढला, हे बरेच झाले. लहान टाइल उताराबरोबर वळते, मोठी कर्णात कापल्याशिवाय वळत नाही.

टाइल्सच्या आधीचे वॉटरप्रूफिंग मात्र याच माणसांनी नीट केले. आडवा आणि उभा असे दोन हात दिले, शॉवरच्या भिंतीला ते माथ्यापर्यंत नेले, ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी भरून ठेवले आणि पलीकडच्या खोलीत दोन्ही दिवस स्वतः येऊन पाहिले. सांध्यांसाठी इपॉक्सी ग्राउट फक्त जमिनीला आणि शॉवरच्या भिंतीला घेतले, कारण ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरेच महाग पडते. त्याचा टाइलवर राहणारा चिकट थर त्याच दिवशी पुसावा लागतो आणि तो मी स्वतः उभा राहून पुसून घेतला.

हिशेब चुकता करताना मालकांनी न फोडलेले जमिनीच्या टाइल्सचे दोन बॉक्स पूर्ण किमतीला परत घेतले आणि तीन टाइल्स पुन्हा बसवण्याची मजुरी लावली नाही. फुटलेल्या टाइलचे आणि नंतर आणलेल्या ॲडहेसिव्हचे पैसे मात्र आम्हीच भरले. वरच्या मजल्याच्या न्हाणीसाठी सामान मी याच दुकानातून घेणार आहे. मेस्त्री खानापूरकडचा ठरवला आहे. पहिल्याच भेटीत त्याने टाइल उलटी करून तिच्या पाठीवर बोट ओले करून फिरवले.