दाजीपूरची जंगल सफारी: जीपपेक्षा चालक महत्त्वाचा

कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. पहाटेच निघा. ऊन चढलं की गवे सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, झाडीत शिरतात आणि दुपारच्या फेरीत नुसती धूळ पदरी पडते. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. गवे बघायला एप्रिल-मे उत्तम, कारण तेव्हा मोजकेच पाणवठे उरतात.

आसपासच्या गावांतलाच चालक मिळाला तर सफारीचं सोनं होतं. तो हॉर्न वाजवत नाही, पाणवठ्याच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद करतो. कळप वाट ओलांडत असेल तर शेवटचं पिल्लू पार होईपर्यंत गाडी जागची हलवत नाही. मध्ये घुसून कळप तोडला की पिल्लापासून तुटलेली मादी अंगावर येऊ शकते. एकटा नर तर हजार किलोच्या घरात जातो. त्याने मान खाली घालून फुरफुर केली की गाडी हळूच मागे घ्यायची.

बिघडतं ते आपल्यामुळे. ‘जरा जवळ घ्या की’ म्हणून पाहुणे जादा पैसे पुढे करतात आणि चाक वाट सोडून सड्यावर चढतं. सडा म्हणजे जांभा खडक, त्यावर जेमतेम बोटभर माती. उन्हाळ्यात तो उजाड दिसतो, पण पावसाळ्यातल्या फुलांचं बी त्याच मातीत पडलेलं असतं. ती चाकाखाली दबली की पाणी मुरत नाही आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते. अशी मागणी धुडकावणाऱ्या चालकाला पूर्ण गुण द्यायचे. २०१२ पासून राधानगरी अभयारण्य जागतिक वारसा यादीत आहे, ते या सड्यांसकट.

पर्यटकांबद्दल गावात एकमत नाही, आणि ते रास्तच आहे. ज्याची जीप आहे किंवा घरी जेवणाची सोय आहे, त्याला गर्दी हवी असते. ज्याचा ऊस आणि भात गवा रात्रीत तुडवतो, त्याच्या वाट्याला सफारीचा रुपयाही येत नाही. बाटल्या फोडणाऱ्यांवर मात्र दोघांचाही सारखाच राग. त्या काचा गुरांच्या खुरात जातात.

गावातही चार पैसे राहावेत म्हणून जेवण कोल्हापूरहून बांधून नेऊ नका. आदल्या दिवशी गावातल्या घरी सांगून ठेवा, ऐन वेळी भाकरी मिळत नाही. पाणी घरच्या बाटलीतून न्या, आणि रिकाम्या पिशव्या तिथल्या डब्यात न टाकता परत आणा. उघड्या डब्यावर माकडं येतात.