सेलेस्ट की होलो नाइट? सध्या दोन्ही चालू आहेत

सध्या हे दोन गेम आलटून पालटून खेळतोय, सेलेस्ट (२०१८) आणि होलो नाइट (२०१७), दोन्ही टू-डी, दोन्हीत मरायला भरपूर होतं, पण मेल्यावर जे होतं ते एकदम वेगळं.

सेलेस्टमध्ये मेलात की क्षणात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभे, काहीच जात नाही, त्यामुळे हात थांबतच नाही. आणि कंट्रोल तर काय सांगू! कड्यावरून पाय सुटला तरी काही फ्रेम, म्हणजे क्षणाचा छोटासा भाग, उडी मारता येते, डॅश (झटकन मारलेली झेप) वापरला की नायिका मॅडलिनचे लाल केस निळे होतात, म्हणजे नजर तिच्यावरून हलवायची गरजच नाही. फारच जड गेलं तर गेम सोपा करणारा असिस्ट मोड आहेच.

होलो नाइटमध्ये मेलं की सगळे जिओ (तिथले पैसे) त्याच जागी उरलेल्या तुमच्या सावलीपाशी राहतात आणि तुम्ही थेट शेवटी बसला होतात त्या बेंचवर, मग परत तिथवर जा, सावलीला हरवा, आणि त्याआधीच मेलात तर जिओ कायमचे गेले. नकाशाचंही तसंच, नवीन भागात तो नसतोच, कुठूनतरी नकाशे बनवणाऱ्या कॉर्निफरचं गुणगुणणं ऐकू येतं, जमिनीवर सांडलेले कागद दिसतात, तेव्हा कुठे तो सापडतो आणि नकाशा विकत मिळतो. आपण कुठे आहोत ते बघायला कंपास हवा, त्यातही एक चार्म नॉच (खास शक्ती देणारे चार्म लावायची मोजकी जागा) जातो! पण या हरवण्यामुळेच हॅलोनेस्ट, म्हणजे त्या गेममधलं राज्य, खरं वाटतं, म्हणून माझं मत होलो नाइटला. अर्धाच तास हाताशी असेल तर मात्र सेलेस्टच लावा.