कोळशासाठी बोअर: एकदम 400 मीटरची जाळी की टप्प्याटप्प्याने?

पुण्यात सोसायटीच्या आवारात बोअर मारताना पाहिलीत, तर राखाडी चिखलाने माखलेलं पार्किंग आठवत असेल. भोक साडेसहा इंचांचं, राडा अर्ध्या आवारात. कोथरूडला बसून वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा ब्लॉकचा (खाणीसाठी आखलेल्या पट्ट्याचा) ड्रिलिंग आराखडा, म्हणजे जमिनीखाली कोळसा किती आहे ते तपासायला बोअर कुठे मारायचे याचा आराखडा, करणाऱ्याने तो राडा डोळ्यासमोर ठेवावा. तिथे पार्किंगच्या जागी कुणाचं तरी कपाशीचं शेत असतं.

समजा ब्लॉक 5 चौरस किलोमीटरचा आहे. एकदम 400 मीटरची जाळी टाकली, म्हणजे उभं-आडवं दर 400 मीटरला एक बोअर घेतला, तर 31 च्या आसपास बोअर होतात. एकेका बोअरला 20 बाय 20 मीटर जागा, म्हणजे साधारण 4 गुंठे. सगळे मिळून तीन एकर. फार वाटत नाही. पण प्रत्येक ठिकाणी ट्रक न्यायला 200 मीटर लांब, 4 मीटर रुंद नवी वाट काढली, की वाटांखालीच सहा एकर जातात. आराखड्याच्या नकाशावर मात्र नुसते ठिपके असतात, वाटा कुणी काढत नाही.

टप्प्याटप्प्याने जायचं, तर आधी किलोमीटरभर अंतराने पाच-सहा बोअर घ्यायचे आणि कोळशाचा थर सलग, जाड निघेल तिथेच पुढे दाट करायचं. नवख्या ब्लॉकला मी हेच सांगेन. पण शेजारीच खाण चालू असेल, जुन्या बोअरच्या नोंदी हाताशी असतील, तर मुद्दा उलटतो. साठा ‘सिद्ध’ धरायचा तर बोअरपासून 200 मीटरपर्यंतचाच धरतात, म्हणजे दाट जाळी टळतच नाही. मग त्याच शेतांतून रिग (बोअर मारायचं यंत्र) दोनदा कशाला फिरवायची?

दोन्ही पर्यायांत जमीन वाचते ती ठिपके सरकवल्याने. 30-40 मीटर हलवून बोअर पांदणीलगत किंवा धुऱ्याकडेला (आपण ज्याला बांध म्हणतो) घेतला, तर बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही. अपवाद प्रस्तरभंगाजवळचा, म्हणजे खडक तुटून वर-खाली सरकलेला असतो तिथला. तिथे 40 मीटरमध्ये थर खालचा वर झालेला असू शकतो.

काम पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटल्यापासून मृगापर्यंतच. ओल्या काळ्या मातीत ट्रकच्या चाकोऱ्या गुडघाभर पडतात आणि तिथली माती पुढे नीट भुसभुशीत होत नाही.

ट्रकवरची रिग की क्रॉलरवरची (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी) छोटी? वर बेसाल्ट नसेल तर छोटी. बेसाल्ट फोडायला हवेवर चालणारा हातोडा लावला, की कॉम्प्रेसरची गाडी मागोमाग आलीच, मग छोटेपणाचा फायदा उरत नाही. भूकंपीय सर्वेक्षणातही (जमिनीत कंपनं सोडून खालचे थर पाहण्याची पद्धत) बेसाल्टखालचं धूसरच दिसतं, त्याच्या भरवशावर बोअर कमी करू नका.

सगळीकडे वरपासून कोअर (खडकाचा अखंड दंडगोल नमुना) काढायचीही गरज नाही. काही बोअर पूर्ण कोअरचे ठेवा. बाकीच्यांत थराच्या थोडं वरपर्यंत नुसतं भोक आणि पुढे कोअर. भोकात उपकरण सोडून घेतलेल्या गामा (किरणोत्सर्ग) आणि घनतेच्या नोंदींवर, म्हणजे लॉगवर, थराची खोली-जाडी कळते, पण कोळशातली राख आणि उष्मांक कोअरशिवाय खात्रीने कळत नाहीत. नुसतं भोक लवकर होतं, रिग शेतातून लवकर हलते.

भोकातून येणाऱ्या चिखलासाठी खड्डा की लोखंडी टाकी, यावर चर्चाच नको. टाकी.

भोक बुजवताना सिमेंट ड्रिलच्या पोकळ रॉडमधून तळापासून वर भरत आणा, नाहीतर खालीवरचं पाणी एकत्र होतं आणि शेजारची विहीर उतरल्याचा बोल लागतो. वरचा मीटरभर मात्र मातीच भरा, आधी बाजूला काढून ठेवलेली. त्या जागेवरून पुढे नांगर फिरणार असतो आणि सिमेंटच्या खुंटाला फाळ अडकतो.