रिंग वाजते पण आवाज एकीकडूनच: राउटिंग आणि व्हॉइसच्या घरच्या लॅबचा आठ महिन्यांचा अनुभव

लॅब (राउटिंग म्हणजे पॅकेटची वाट ठरवणं, व्हॉइस म्हणजे नेटवर्कवरून फोन) लावल्या लावल्याच रिव्ह्यू लिहिणार होतो, नाही लिहिला ते बरंच झालं, कारण पहिल्या महिन्यात मी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते आणि तेव्हा मी नुसता पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का बघायची चाचणी) मारत बसलो होतो.

आधी काय काय आहे ते सांगतो. सेकंडहँड राउटर ३, स्विच २, जुने आयपी फोन २, एका टाकाऊ लॅपटॉपवर लिनक्स आणि फोन एकमेकांना जोडणारं सर्व्हर सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क, आणि रोजच्या लॅपटॉपवर जीएनएस३ हा राउटरचा एम्युलेटर, रॅम १६ जीबी. उद्देश सिस्कोच्या सर्टिफिकेशनचा, आधी सीसीएनए (पायाभूत परीक्षा), मग कोलॅबोरेशनची (फोन, व्हिडिओ वगैरे) कोअर परीक्षा म्हणजे ३५०-८०१. पूर्वी व्हॉइससाठी खालच्या लेव्हलची वेगळी परीक्षा होती, सीसीएनए व्हॉइस, पुढे तिच्या जागी सीसीएनए कोलॅबोरेशन आली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सगळी रचना बदलली तेव्हा तीही गेली. आता २००-३०१ मध्ये, म्हणजे सध्याच्या सीसीएनएत, व्हॉइस म्हणाल तर व्हॉइस व्हीलॅन (फोनचं वेगळं आभासी नेटवर्क) आणि थोडं क्यूओएस (कुठल्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते), त्यानंतर एकदम प्रोफेशनल लेव्हल. मधली पायरीच नाही. ती घरी बांधायची म्हणून हा खटाटोप.

एम्युलेटरबद्दल फार लिहीत नाही. बीजीपी (मोठ्या नेटवर्कांमध्ये वाटा कळवणारा प्रोटोकॉल) शिकायला उत्तम, कारण सहा-सात राउटर लागतात आणि तेवढे खरे कोण ठेवणार. आयबीजीपीत (एकाच नेटवर्कच्या आतल्या बीजीपीत) एका शेजारी राउटरकडून शिकलेला रूट, म्हणजे वाट, दुसऱ्या आयबीजीपी शेजाऱ्याला पुढे जात नाही, हे वाचून पाठ केलं होतं, पण तीन राउटर ओळीत लावून तिसऱ्यावर रूट शोधत अर्धा तास घालवला तेव्हा पटलं. जीएनएस३ मध्ये आयडल पीसीची व्हॅल्यू (राउटर रिकामा कधी ते ओळखणारी) लावायला विसरू नका, नाहीतर एक राउटर अख्खा सीपीयू कोअर खातो. राउटरची इमेज (त्याचं सॉफ्टवेअर) सोबत येत नाही, ती स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवायची, किंवा एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं, ते फुकट आहे आणि कमांड बऱ्याच सारख्या आहेत. पण एम्युलेटरवर आवाजाची क्वालिटी तपासू नका. तिथला जिटर (पॅकेट कमी-जास्त उशिरा येणं) नेटवर्कचा की लॅपटॉप दमल्याचा, सांगता येत नाही.

आता मुद्दा. पहिले दोन महिने मी राउटिंग वेगळं आणि व्हॉइस वेगळं असंच करत होतो, पुस्तकात धडे वेगळे असतात तसं. मग एकदा सहज तिन्ही राउटर (आर१, आर२, आर३) त्रिकोणात जोडले, आर१ आणि आर३ मधली वायर मुद्दाम दोन्ही स्विचमधून नेली, ओएसपीएफ (राउटरांनी आपापसांत वाटा ठरवायचा प्रोटोकॉल) चालू केलं, आर१ च्या मागे मी आणि आर३ च्या मागे दुसऱ्या खोलीत धाकटा भाऊ, दोघांकडे सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरचा फोन). त्याला म्हटलं तू नुसते आकडे मोजत राहा, सेकंदाला एक. तो मोजतोय, मी दोन स्विचमधली वायर काढली, म्हणजे आर१ ला आणि आर३ ला कळूच नये, दोन्ही स्विच चालू आणि दोन्ही राउटरचे इंटरफेस (पोर्ट) अप. सोळा ऐकू आलं आणि मग एकदम पंचावन्न.

ओएसपीएफचा डेड टायमर, म्हणजे शेजारी गेला असं मानायला लागणारा वेळ, ४० सेकंद हे मी शंभरदा वाचलं होतं. पण ४० सेकंद गप्प फोन कानाला लावून बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं, खरा कॉल असता तर माणसाने कधीच फोन ठेवला असता. आणि आकडा बरोबर ४० का नाही आला यावर डोकं लावलं तर अजून शिकायला मिळालं. हॅलो (शेजाऱ्याचा 'मी आहे' हा निरोप) दर १० सेकंदांनी येतो आणि डेड टायमर शेवटच्या हॅलोपासून मोजला जातो, त्यामुळे वायर निघते तेव्हा त्यातले काही सेकंद आधीच संपलेले असतात, वर जुन्या आयओएसमध्ये (सिस्को राउटरचं सॉफ्टवेअर) एसपीएफ, म्हणजे नव्या वाटेचं गणित, चालण्याआधीची थोडी वाट. पिंगमध्ये हेच टिंबांत दिसतं, एक टिंब म्हणजे २ सेकंद, पण टिंबं मोजून असं काही वाटत नाही हो.

मग खेळच झाला. आर१ ची स्वतःची वायर काढली की इंटरफेस लगेच डाऊन, पाच-सहा आकडे जातात. हॅलो १ आणि डेड ४ केलं की स्विचमधूनसुद्धा थोडक्यात भागतं. ईआयजीआरपी (सिस्कोचा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल) लावलं, त्याचा हॅलो ५ आणि होल्ड (त्याचा डेड टायमर) १५, आणि फीजिबल सक्सेसर (आधीच ठरलेली पर्यायी वाट) तयार असला तर शेजारी गेल्याचं कळल्यावर जवळजवळ वाट बघावीच लागत नाही. सीसीएनएच्या सिलॅबसमध्ये ईआयजीआरपी आता नाही, तरी केलं, आणि फीजिबिलिटी कंडिशन (पर्यायी वाट फिरून आपल्याकडेच येत नाही ना याची अट) जी मला कधी पटत नव्हती ती भावाच्या आकड्यांनी पटवली. भाऊ वैतागला हे वेगळं.

दुसरी गोष्ट टायटलमधली. फोनची रिंग वाजते, उचलला, पहिला एखादा क्षण दोन्हीकडून नीट, आणि मग भावाला माझा आवाज येतो, मला त्याचा येत नाही. मी तीन संध्याकाळी अ‍ॅस्टरिस्कच्या कॉन्फिगमध्ये घालवल्या. कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) बदलले, सॉफ्टफोन बदलला, फायरवॉल बंद केला. आर१ वरून आर३ ला पिंग व्यवस्थित, म्हणून राउटिंगवर संशयच नाही. शेवटी वायरशार्क या पॅकेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेलिफोनी मेन्यूतून कॉलचा फ्लो काढला तेव्हा दिसलं की सुरुवातीला आवाज सर्व्हरमधून जात होता, मग अ‍ॅस्टरिस्कने परत इन्व्हाइट (कॉल ठरवायचा निरोप) पाठवून दोन्ही फोनना सांगितलं की आता एकमेकांशी थेट बोला. एसडीपीत, म्हणजे त्या निरोपातल्या कॉलच्या तपशिलात, सी ने सुरू होणारी ओळ असते, आवाज कुठल्या आयपीवर पाठवायचा ते तिच्यात लिहिलेलं. भावाच्या फोनला माझा आयपी बरोबर कळला होता. आर३ ला मात्र माझ्या सबनेटचा (माझ्या फोनच्या नेटवर्कचा) रूटच नव्हता. सर्व्हरचं सबनेट मी ओएसपीएफमध्ये घातलं होतं, माझ्या फोनच्या सबनेटचं नेटवर्क स्टेटमेंट (सबनेट ओएसपीएफमध्ये घालायची ओळ) विसरलो होतो. सिग्नलिंग (कॉल लावायचे निरोप) सर्व्हरपर्यंत जात होतं म्हणून रिंग वाजायची, आरटीपी (खुद्द आवाजाची पॅकेट) माझ्याकडून जायचा पण परतीची वाट नाही. आणि पिंग का चालायचा? कारण राउटरवरून साधा पिंग मारला की सोर्स (पाठवणारा) म्हणून बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा आयपी लागतो, लॅनचा, म्हणजे फोनकडच्या बाजूचा, नाही. सोर्स देऊन पिंग मारला असता तर दोन मिनिटांत सापडलं असतं. त्या दिवसापासून मी बिनसोर्सचा पिंग पुरावा म्हणून मानत नाही.

क्यूओएससाठी मात्र खरा राउटरच हवा, आणि जुनं सिरियल कार्ड (मंद लाइनचं) मिळालं तर सोनं. क्लॉक रेट १२८०००, म्हणजे १२८ केबीपीएस, ठेवला. जी.७११ या कोडेकचा कॉल म्हणजे ६४ केबीपीएस असं आपण म्हणतो, पण २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर, सेकंदाला अशी ५० पॅकेट, म्हणजे आयपीलाच ८० केबीपीएस झाले. एक कॉल बसतो, दुसरा घातला की दोन्ही फाटतात, पहिल्याची काही चूक नसताना. जी.७२९ (आवाज जास्त दाबणारा कोडेक) केलं तर आवाज ८ चा आणि हेडरसकट २४, म्हणजे आवाजापेक्षा हेडर दुप्पट, हे गणित परीक्षेला नक्की करून जा. मग कॉलसोबत फाइल डाउनलोड लावलं, आवाज तुटला, आवाजाच्या पॅकेटवर ईएफ (तातडीचं) मार्क करून प्रायॉरिटी क्यू (आधी सोडायची रांग) दिली, सुधारला पण पूर्ण नाही. कारण १५०० बाइटचं एक पॅकेट १२८ च्या लाइनवर चढायलाच सुमारे ९४ मिलिसेकंद लागतात, आणि एकदा चढायला लागलं की प्रायॉरिटीवालाही मागे थांबतो. एकेरी उशिराचं बजेट १५० मिलिसेकंदांचं, त्यात ९४ इथेच गेले. मोठी पॅकेट तोडून पाठवल्यावर फरक लगेच कानाला कळला. आज अशा मंद लाइन कुठे राहिल्यात म्हणाल तर खरं आहे, पण क्यू म्हणजे नेमकं काय हे फास्ट लिंकवर दिसतच नाही.

त्रासाचं पण सांगतो. एक फोन स्विचवरून पॉवरच घेईना, स्विच ८०२.३एएफचा (नेटवर्कच्या वायरीतून पॉवर द्यायचं स्टँडर्ड) आणि फोन त्याच्या आधीच्या पद्धतीचा, विकणारा म्हणाला होता सगळ्यावर चालतो. अ‍ॅडॉप्टर वेगळा शोधावा लागला. डीएचसीपीत (आपोआप आयपी देणारी सर्व्हिस) ऑप्शन १५० विसरलो तर फोन आयपी घेऊन नुसता टीएफटीपी सर्व्हर (जिथून तो आपलं कॉन्फिग घेतो) शोधत बसतो, हे माझ्याकडून चारदा झालं. राउटरचे पंखे इतके जोरात की कॉलमध्ये तेच जास्त ऐकू येतात, रात्री तर विसराच.

नवीन माणसाला हे सगळं घ्यायला सांगेन का? नाही. नुसतं सीसीएनए करायचं असेल तर पॅकेट ट्रेसर (सिस्कोचा सिम्युलेटर) पुरतो, त्यात टेलिफोनी सर्व्हिस लावून दोन फोन वाजवता पण येतात. व्हॉइसकडे जायचं असेल तर दोन राउटर, एक स्विच आणि दोन सॉफ्टफोन घ्या, तिसरा राउटर त्रिकोणासाठीच लागतो. डंप (परीक्षेचे फुटलेले प्रश्न) पाठ करणाऱ्यांशी वाद घालत नाही, पण ओएसपीएफच्या एक्स्चेंज किंवा एक्सस्टार्ट या टप्प्यात अडकलेला शेजारी समोर आला की एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बघायचं, हे माझ्या लक्षात राहिलं ते एकदा रात्री दोनपर्यंत अडकलो होतो म्हणून.

सीसीएनए पास झालो मागच्या महिन्यात. ३५०-८०१ ला अजून तीन महिने तरी लागतील, डायल पीअरच्या (कुठला नंबर कुठे पाठवायचा त्या नियमांच्या) पॅटर्नमध्ये अजून गोंधळ होतो. भाऊ आता आकडे मोजायला तयार नाही, त्याचा आवाज रेकॉर्ड करून एक्स्टेंशनवर लावून ठेवलाय, एक ते पाचशे.